कुठल्या नावाखाली शोधायचं?

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालं, तेव्हा लेखिका म्हणून छापलेलं विभावरी शिरूरकर हे नाव नेमकं कुणाचं, हे वाचकांना ठाऊक नव्हतं. शिकलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघड लिहिणारी ही कोण, यावरून महाराष्ट्रभर गदारोळ उठला. त्या होत्या बाळूताई खरे. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालती बेडेकर म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. आता हे पुस्तक ग्रंथपालाच्या टेबलावर आलं, तर नोंद कुणाच्या नावावर करायची? शिरूरकर, खरे की बेडेकर?

मराठीत हा प्रश्न पावलोपावली येतो. कविता असतील तर कुसुमाग्रज, नाटक असेल तर वि. वा. शिरवाडकर. कवितासंग्रहावर आरती प्रभू, कादंबरीवर चिं. त्र्यं. खानोलकर. गडकऱ्यांची तर तीन नावं: नाटकांना राम गणेश गडकरी, कवितांना गोविंदाग्रज आणि विनोदाला बाळकराम. ग्रेस यांच्या कविता शोधत आलेल्या मुलाला माणिक गोडघाटे हे नाव ठाऊक असेलच असं नाही, आणि असायची गरजही नाही. तालिकीकरणाचे, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी करण्याचे, नियम सांगतात की लेखक त्या त्या प्रकारच्या लेखनासाठी ज्या नावानं ओळखला जातो ते नाव धरावं, आणि बाकीच्या प्रत्येक नावापासून तिथपर्यंत वाट करून द्यावी. जुन्या लाकडी कपाटांच्या खणांत, पाच इंच बाय तीन इंचांच्या कार्डांमध्ये, अशी वाट दाखवणारं एक वेगळंच कार्ड असायचं. त्यावर पुस्तकाचं नाव नसायचं, वर्ग क्रमांक नसायचा. फक्त एवढंच: ‘बेडेकर, मालती. पाहा: शिरूरकर, विभावरी.’

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. या कामात का आलात, असं कुणी विचारलं की मला ते ‘पाहा’ कार्ड आठवतं. ते लिहिणारा माणूस आपल्या आधी येऊन गेलेला असतो. आपण कुठल्या चुकीच्या दारातून आत शिरणार आहोत याचा विचार त्यानं करून ठेवलेला असतो, आणि आपल्याला त्याचं नाव कधीच कळत नाही.

मी मूळची बार्शीची. बी.ए.नंतर इतिहासात एम.ए. करायला पुणे विद्यापीठात आले. १८९७च्या पुण्यातल्या प्लेगवर मला काम करायचं होतं. रँडची नेमणूक, घरझडत्या, सोल्जरांनी घरात शिरणं, २२ जून १८९७ची गणेशखिंडीतली घटना हे सगळं शाळेपासून वाचलेलं होतं. मला हवं होतं ते त्यापलीकडचं: सेग्रेगेशन कॅम्पमध्ये, म्हणजे विलगीकरणाच्या छावण्यांत, बायकांचं काय होत होतं, त्यांच्या तक्रारी कुणी ऐकल्या, कुठे लिहून ठेवल्या. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात, आणि मग शहरातल्या आणखी दोन-तीन ग्रंथालयांत, मी ‘प्लेग’ हा विषय धरून कार्डं चाळत बसायची. त्याच त्या दहा-बारा पुस्तकांपाशी येऊन थांबायची.

एका ग्रंथालयात संदर्भ विभागात एक बाई होत्या. निवृत्तीला आलेल्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी मला दोन-तीन दिवस येता-जाता पाहिलं असावं. जवळ येऊन त्यांनी विचारलं, “प्लेगबद्दल तुम्हाला काय हवंय? लोक काय म्हणत होते ते, की सरकारनं काय केलं ते?” मी म्हटलं, दोन्ही. त्या म्हणाल्या, “मग दोन वेगळ्या ठिकाणी जावं लागेल.” सरकारी अहवालाचा लेखक म्हणजे ते सरकार, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. अहवाल विषयाखाली शोधण्याआधी मुंबई इलाखा, त्याचं खातं, त्याची समिती असं उतरत जायचं. आणि लोक काय म्हणत होते, यासाठी त्यांनी मला एक असा साठा दाखवला ज्याचं नावही मी ऐकलं नव्हतं: देशी वृत्तपत्रांवरचे साप्ताहिक सरकारी अहवाल. मराठी, गुजराती, कानडी पत्रांत काय छापून येतंय याचा इंग्रजी गोषवारा सरकार स्वतःसाठी करून घ्यायचं. पाळत ठेवण्यासाठीच. पण ज्या लहान पत्रांच्या फायली आज मिळणं दुरापास्त आहे, त्यांतल्या मजकुराची निदान सावली त्या गोषवाऱ्यांत उरली आहे.

माझी प्रबंधिका पूर्ण झाली, ठीकठाक गुणही मिळाले. पण त्या दोन वर्षांत माझ्या मनात ठाण मांडून बसला तो बाईंचा प्रश्न. त्यांना प्लेगविषयी माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं असं नाही. माझा प्रश्न मला अजून नीट विचारता येत नाहीये, हे त्यांना ओळखता आलं होतं. पुढे ग्रंथालयशास्त्र शिकताना कळलं की याला संदर्भ-मुलाखत म्हणतात, त्यावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. वाचक जे मागतो आणि त्याला जे हवं असतं यांत अंतर असतं, हे धरूनच ती बोलणी करायची असतात. मी त्या बाईंना विचारलं, हे शिकायला काय करावं लागतं. त्यांनी बी.लिब.च्या प्रवेशाची माहिती एका वापरलेल्या कार्डाच्या पाठीवर लिहून दिली.

घरी फारसं पटलं नाही. एवढं एम.ए. होऊन पुस्तकं द्यायची-घ्यायची का, असं आई म्हणाली. दादांना बी.एड. करून शिक्षिका व्हावं असं वाटत होतं. मी आपली अर्ज भरून मोकळी झाले.

विद्यापीठातल्या त्या वर्षांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण बाहेर याची फारशी कल्पना नसते. वर्गीकरण हा विषय वरवर पाहता आकड्यांचा, पण त्याच्या मुळाशी जग कसं मांडायचं याचा वाद आहे. मेल्विल ड्युईनं १८७६मध्ये दशांश पद्धत आणली. त्यात धर्माला २००चं घर दिलेलं आहे. २२०पासून २८०पर्यंत सगळा ख्रिस्ती धर्म, आणि जगातल्या उरलेल्या धर्मांना मिळून एक २९०. हिंदू धर्म २९४.५. साहित्यातही तसंच: इंग्रजी साहित्याला ८२० असा ऐसपैस वाडा, मराठीला ८९१.४६ अशी मागच्या बोळातली खोली. प्रात्यक्षिकाच्या तासाला ते जाड खंड समोर घेऊन आम्ही ज्ञानेश्वरीवरच्या एखाद्या टीकेला क्रमांक द्यायचो, तेव्हा दशांश चिन्हानंतर आकडे लांबत जायचे. हे निव्वळ गणित नाही, यात कुणीतरी जगाच्या मध्यभागी उभं आहे, हे त्या तासांना डोळ्यांना दिसायचं.

म्हणूनच एस. आर. रंगनाथन मला फार जवळचे वाटले. ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवायचे. १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्या एकांताला इतके कंटाळले की परत शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले. लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून या, तरीही नकोसं वाटलं तर परत घेऊ, असं त्यांना सांगण्यात आलं. तिथे एका दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिला: तेच मोजके तुकडे, जोडाल तसं यंत्र. ज्ञानशाखेला आधीच ठरवलेल्या खोलीत कोंबण्यापेक्षा तिचे घटक सुटे करावेत आणि पुस्तकाप्रमाणे जोडावेत, हा विचार त्यांनी तिथून उचलला. १९३३मध्ये त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. बहुतेक महाविद्यालयांत आजही ड्युईच चालतो, आमच्याकडेही तोच आहे. व्यवहाराच्या सोयीनं तो चालणारही. पण आपल्याकडच्या एका गणिताच्या प्राध्यापकाला हे सुचलं याचा मला अभिमान वाटतो. ग्रंथालयशास्त्राच्या त्यांच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र, ‘वाचकाचा वेळ वाचवा’, मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं आहे.

पहिली नोकरी एका विनाअनुदानित महाविद्यालयात, तात्पुरती. दाखल नोंदवहीत नव्या पुस्तकांची नोंद, शीर्षकपानावर शिक्का, मग ठरलेल्या गुप्त पानावर दुसरा शिक्का, म्हणजे कुणी पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं. कण्यावर क्रमांकाची चिठ्ठी, आत तारीखपत्रक. मे महिन्यात साठा पडताळणी. हे काम कंटाळवाणं असतं असं लोक म्हणतात. मला तसं कधी वाटलं नाही. हजारो पुस्तकं एकदा हातातून गेल्यावर डोक्यात एक नकाशा तयार होतो. तो पुढे आयुष्यभर पुरतो.

मग सगळीकडे संगणकीकरणाची लाट आली. मराठी नोंदी करताना त्या वेळी जो तो आपापला फॉन्ट वापरायचा. पुढे युनिकोडवर जायची वेळ आली, तेव्हा काही ग्रंथालयांत वर्षानुवर्षं टंकलेल्या मराठी नोंदी उघडल्या की पडद्यावर नुसती चिन्हं उमटायची. इंग्रजी पुस्तकांना काही झालं नाही. मराठी पुस्तकं कपाटात जागच्या जागी होती, पण यादीतून नाहीशी झाली होती. ती पुन्हा एकेक करून नोंदवणाऱ्या अनेकांपैकी मी एक. आज आमच्याकडे कोहा आहे, मोफत मिळणारी आणि नीट जपली तर उत्तम चालणारी प्रणाली. त्यात लेखकनामांची स्वतंत्र नोंद ठेवता येते, म्हणजे ते ‘पाहा’ कार्ड तिथेही जिवंत आहे. मात्र ती नोंद भरायला माणूस लागतो. विक्रेत्याकडून किंवा दुसऱ्या ग्रंथालयाकडून आयती मिळालेली माहिती घेतली, तर मराठी लेखकाचं नाव रोमन लिपीत तीन प्रकारांनी येतं आणि एका माणसाचे तीन होतात.

नेट ही पात्रता परीक्षा पास झाल्यावरही पूर्णवेळ पदासाठी फार थांबावं लागलं. महाविद्यालयाच्या ग्रंथपालाची पात्रता आणि वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीची, पण जाहिराती निघायच्याच नाहीत. निवृत्त झालेल्या ग्रंथपालाची खुर्ची रिकामी ठेवायची आणि एखाद्या लिपिकाकडे किल्ल्या द्यायच्या, हा प्रकार मी जवळून पाहिला आहे. बाहेरून काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. देवघेव चालू असते, दिवे लागतात. मुलं मात्र शोधून थकतात, आणि ती तक्रार कुठल्याच वहीत नोंदली जात नाही. यावर मी जमेल तिथे बोलत आले आहे आणि पुढेही बोलणार आहे.

आता माझा दिवस कुणाबरोबर जातो? सकाळी सातला रांग लागते ती स्पर्धा परीक्षावाल्यांची. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात पैसे भरून बसायच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. आमच्या वाचनकक्षात खुर्ची मिळाली तर महिन्याचे तेवढे पैसे वाचतात. ही मुलं आमची पुस्तकं क्वचितच घेतात, त्यांची स्वतःची असतात. त्यांना जागा आणि शांतता द्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परभणीहून, नंदुरबारहून आलेल्या मुलीला पुण्यात दिवसभर निर्धास्त बसता येईल अशी फुकटची जागा किती थोडी आहे, हे पाहिलं की वाद संपतो.

दुपारनंतर संशोधक विद्यार्थी आणि प्राध्यापक. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढवणं, वाङ्मयचौर्य पकडण्यासाठीच्या साम्य तपासणीचे अहवाल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, आणि मुलं त्या आकड्याच्या धाकानं अवतरणंसुद्धा बदलून लिहायला निघतात. मी त्यांना बसवून दाखवते की अवतरण जसंच्या तसंच हवं, चिन्हांत हवं, खाली संदर्भ हवा. कुठलं नियतकालिक खरं आणि कुठलं पैसे घेऊन काहीही छापणारं, हा दुसरा रोजचा प्रश्न. आयोगाच्या केअर यादीचं, म्हणजे मान्य नियतकालिकांच्या यादीचं, काम आपल्या पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चालायचं. २०२५मध्ये आयोगानं ती यादी बंद केली आणि नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर आली. म्हणजे प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ग्रंथपालावर. त्याच वर्षी ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना सुरू झाली: तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये. सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण मराठी साहित्यावर, महाराष्ट्राच्या इतिहासावर काम करणारी मुलगी माझ्यासमोर बसते, तेव्हा त्या तेरा हजारांत तिच्या उपयोगाचं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं असतं. तिला लागणारी मराठी मासिकं कुठल्याशा माळ्यावर कसर लागून पडलेली असतात.

अशा वेळी मी कपाटातून शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ काढते. १८००पासून १९३७पर्यंतची, आणि पुढच्या भागात १९५०पर्यंतची छापील मराठी पुस्तकं एका माणसानं ध्यास घेऊन नोंदवली. संगणक नाही, मोठी यंत्रणा नाही. आज इतकी साधनं हाताशी असताना मराठी नियतकालिकांतल्या लेखांची सलग सूची आपल्याकडे नाही, याची मला खंत वाटते. पुण्यात ही परंपरा नवी नव्हती. मुंबई सरकारचा हस्तलिखितांचा संग्रह १८६६पासून गोळा होत गेला. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर यांनी तो वाढवला, आणि तो डेक्कन कॉलेजातून १९१८मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत आला. पोथीला शीर्षकपान नसतं. सूचिकार शेवटचं पान उघडून पुष्पिका वाचतो: कुणी लिहिली, कुठे, कुठल्या शकात, कुणासाठी. नाव तिथे सापडतं. मग आपण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मासिकांपुढे हात टेकायचं काही कारण नाही.

म्हणून गेली काही वर्षं मी विद्यार्थ्यांना हाताशी धरून आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिकांकांची लेखकवार सूची करते आहे. आणि इथे तो पहिला प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणखी अवघड होऊन. मुलग्यांची नावं सोपी: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, शेवटपर्यंत तेच. मुलींचं तसं नाही. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि एके काळी पाटावर तांदळात लिहून पहिलं नावही बदलायचे. तिन्ही शब्द बदलल्यावर त्या दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत हे कुणी आणि कसं ओळखायचं?

दोन वर्षांपूर्वी एक तरुणी आली. तिची आजी आमच्या महाविद्यालयात होती, तिच्या कविता अंकात आल्या होत्या, एवढंच तिला ठाऊक. सासरच्या नावानं आमच्याकडे काहीच नव्हतं. मी माहेरचं आडनाव विचारलं, ते तिनं सांगितलं. पहिलं नाव? आजीचं नाव लग्नात बदललं असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिनं तिथूनच आईच्या मामांना फोन लावला. नाव मिळालं. कार्यालयातलं जुनं जनरल रजिस्टर काढलं, प्रवेशाचं वर्ष मिळालं, आणि त्या वर्षापासून पुढचे तीन अंक आम्ही दोघी घेऊन बसलो. एक कविता सापडली, आणि एक छोटा निबंध: मुलींच्या खोलीत वर्तमानपत्र का ठेवत नाहीत, असा थेट प्राचार्यांना विचारलेला. फार खणखणीत लिहिलं होतं. नातीनं मोबाइलवर फोटो काढून आजीला पाठवले. आजी नाशिकला, वय नव्वदीच्या आसपास, पण बुद्धी तल्लख. पाचच मिनिटांत फोन आला. “अगं, अजून एक आहे ना त्याच अंकात. ती मी टोपणनावानं दिली होती, दादा रागावतील म्हणून.”

टोपणनाव त्यांनी सांगितलं. ती कविता आमच्या सूचीत आधीपासून होती, मुलांनीच नोंदवलेली, कवी अज्ञात अशी. त्या संध्याकाळी मी त्या बाईंची एक मुख्य नोंद केली आणि तिच्याकडे येणाऱ्या दोन वाटा जोडल्या.

हे केवळ जुन्या बायकांचं दुखणं नाही. आमच्याकडच्या प्राध्यापिकांचे लग्नाआधीचे शोधनिबंध एका नावावर आणि नंतरचे दुसऱ्या नावावर असतात. उद्धरणांची मोजणी होते तेव्हा निम्मं काम गळून पडतं, बढतीच्या फाइलमध्ये दिसतच नाही. २०१२पासून संशोधकांना ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक मिळतो, फुकट. नाव कितीही वेळा बदललं तरी तो बदलत नाही. आमच्याकडे रुजू होणाऱ्या प्रत्येक प्राध्यापिकेला मी पहिल्या आठवड्यातच समोर बसवून तो काढायला लावते. मी स्वतः लग्नानंतरही लेख माहेरच्याच नावानं लिहीत राहिले. ते मी ठरवून केलं.

वार्षिकांकांचं काम अर्ध्यावर आलं आहे. १९५०च्या आधीचे काही अंक आमच्याकडे नाहीत, आणि माझा अनुभव असा की ते घरांत असतात: पोटमाळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या वह्यांखाली. पुण्यात जुनी घरं पुनर्विकासाला निघाली आहेत आणि रद्दीवाला दारात उभा आहे. कुठल्याही महाविद्यालयाचा असो, वार्षिकांक सापडला तर त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला आधी दाखवा. मूळ द्यायचा नसेल तर स्कॅन करून परत देतात, तसं मागून घ्या. आणि त्यात घरातल्या कुणा बाईचं लेखन असेल, तर एका कागदावर चार गोष्टी लिहून अंकात ठेवा: माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, टोपणनाव असल्यास ते, आणि शिक्षणाची वर्षं. विचारायला घरात कुणी असेल तर या आठवड्यातच विचारून घ्या.